घराची दुरुस्ती आणि ‘इको निवास संहिता’ : एक चिकित्सा

या मालेत आम्ही आजवर दर्शनग्रंथांवर बोलत आलो. आज ज्या ग्रंथाबद्दल बोलायचं आहे, तो तुमच्यापैकी फार थोड्यांनी उघडला असेल. त्यात सूत्रं आहेत, पण ती गणिताची. त्यात भाष्य आहे, पण ते अभियंत्यांचं. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं १४ डिसेंबर २०१८ रोजी, म्हणजे ऊर्जा संवर्धन दिनी, राहत्या इमारतींसाठी एक नियमावली जाहीर केली. तिचं नाव ‘इको निवास संहिता’. भिंत कशी असावी, खिडकी किती असावी, छपरातून किती उष्णता आत येऊ द्यावी, हे ती सांगते. आता तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरानं या भानगडीत का पडावं? कारण सांगतो. आम्ही घर दुरुस्त केलं आणि चुकलो. चूक पुरती कळेपर्यंत आमच्या थोरल्या बहिणीला सलाइन लावायची वेळ आली होती.

आमचं घर भातसानगरला, धरणाच्या वसाहतीच्या अलीकडे. वडील धरणाच्या कामावर होते. १९८३ साली जलाशय भरत असताना या भागात भूकंपाचे धक्के बसले, त्यातला मोठा सप्टेंबरमधला. ज्यांची तेव्हाची आठवण शाबूत आहे त्यांना विचारा, लोक कित्येक रात्री अंगणात झोपत होते. वडिलांनी पुढच्या वर्षी घर बांधायला काढलं ते ती भीती मनात ठेवूनच. नऊ इंची विटेच्या भिंती, खिडक्यांच्या डोक्यावरून घरभर फिरलेला काँक्रीटचा पट्टा, वर स्लॅब. खिडक्या बेताच्या, चार बाय चारच्या, सागवानी, दोन्ही झडपा बाहेर उघडणाऱ्या, आत गज. प्रत्येक खिडकीवर दीड फुटाचा छज्जा. पश्चिमेच्या खोलीला झिलमिलीची दारं. घर दिसायला साधं होतं. ‘सरकारी क्वार्टरसारखं दिसतं’ असं आम्हीच म्हणायचो.

चार वर्षांपूर्वी दुरुस्ती काढली. लाकूड वाळवीनं खाल्लं होतं, गज गंजले होते, हे खरं. पण आम्ही नुसती दुरुस्ती केली नाही, घराला नवा चेहरा दिला. सागवानी झडपा काढून ॲल्युमिनिअमच्या सरकत्या खिडक्या आल्या, गडद काचेच्या. समोरची भिंत सपाट दिसावी म्हणून छज्जे तोडले. ‘एलिव्हेशन’ हा शब्द आम्ही त्याच वेळी शिकलो. पश्चिमेची भिंत तापते म्हणून तिला आतून थर्माकोल, वर प्लायवूड, वर छानसा कागद. जो गृहस्थ हे काम करत होता त्यानं ‘इन्सुलेशन’ म्हटलं, आणि आम्ही मान डोलावली. आयुष्यभर मुलांना सांगत आलो की शब्दाचा अर्थ विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्वतःच्या घरात तो प्रश्न विचारला नाही.

पहिल्या पावसाळ्यानंतर कागदाला काळे ठिपके आले. दुसऱ्या उन्हाळ्यात एप्रिलमध्ये दोन दिवस वीज गेली. आक्का त्या पश्चिमेच्या खोलीत झोपते, वय ब्याऐंशी. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आम्हांला ओळखेना. उष्णतेचा त्रास, डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. ती बरी झाली. घरी आल्यावर खिडकीकडे बघून एवढंच म्हणाली, “अरे, पूर्वी खिडकी उघडायचे. आता नुसती सरकवतात.”

त्या वाक्यानंतर आम्ही ही संहिता वाचायला घेतली. आजची चिकित्सा त्या वाचनाची आहे.

प्रथम गुण सांगू, कारण गुण मोठे आहेत. संहितेचा गाभा एक संख्या आहे, तिला आरईटीव्ही म्हणतात. घराच्या कवचातून, म्हणजे बाहेरच्या भिंती आणि खिडक्या यांतून, सरासरीनं किती उष्णता आत येते त्याचं हे माप. ती एका चौरस मीटरला १५ वॉटच्या वर जाऊ नये, असा नियम. थंड प्रदेश सोडून बाकी सगळ्या देशाला हा लागू. संख्या काढायची रीत तीन पदांची आहे. पहिलं पद : भिंतीतून वाहून येणारी उष्णता. दुसरं : खिडकीच्या काचेतून वाहून येणारी उष्णता. तिसरं : काचेतून सरळ आत येणारं ऊन. प्रत्येक पदाला एक गुणक. आपल्या ठाणे जिल्ह्यासारख्या उष्ण-दमट हवामानासाठी हे गुणक अनुक्रमे ५.१५, १.३१ आणि ६५.२१ असे आहेत.

मंडळी, या तीन आकड्यांकडे नीट बघा. या ग्रंथाचं सगळं तत्त्वज्ञान त्यांत आहे. दुसरं पद १.३१ आणि तिसरं ६५.२१. अर्थात त्यांना ज्या राशींनी गुणायचं त्या वेगळ्या आहेत, तेव्हा नुसत्या आकड्यांची तुलना करून चालणार नाही. म्हणून आपण आमच्याच घराचं उदाहरण घेऊ. दिशेचा गुणक सोपेपणासाठी एक धरू.

नऊ इंची विटेची भिंत, दोन्हीकडून गिलावा : तिचं यू-मूल्य साधारण २. म्हणजे आतबाहेर एक अंशाचा फरक असला तर चौरस मीटरमागे दोन वॉट वाहतात. बाहेरच्या एकूण भिंतीत खिडक्यांचा वाटा १५ टक्के धरा. मग पहिलं पद झालं ५.१५ गुणिले ०.८५ गुणिले २, म्हणजे सुमारे ८.८. साध्या एकेरी काचेचं यू-मूल्य ५.८ च्या आसपास, तेव्हा दुसरं पद जेमतेम १.१. आणि साधी पारदर्शक काच तिच्यावर पडलेल्या उन्हातली ८२ टक्के उष्णता आत सोडते असं धरलं, तर तिसरं पद ८. बेरीज १७.९. मर्यादा १५. आमचं घर नापास.

आता पास कसं करायचं? बाजारात गेलात तर दुहेरी काच सांगतील. दोन काचांमध्ये कोंडलेली हवा, यू-मूल्य निम्म्यावर, २.८. ठीक. दुसरं पद १.१ वरून ०.५ वर आलं. दुहेरी काचेतून ऊनही थोडं कमी येतं, तिसरं पद ७ धरू. बेरीज १६.३ च्या पुढे. एवढा खर्च करूनही नापासच. आता काच जुनीच ठेवा आणि तिच्यावर पडणाऱ्या उन्हापैकी ४० टक्के बाहेरच अडवा. छज्जानं अडवा, झिलमिलीनं अडवा, बांबूच्या चिकानं अडवा. तिसरं पद ८ वरून ४.८ वर. बेरीज १४.७. पास! छज्जे आमच्याकडे होतेच. ते तोडायला आम्ही मजुरी दिली होती.

हा या ग्रंथाचा मोठा गुण. तो म्हणतो की आपल्या हवामानात खिडकीचा मुख्य प्रश्न काचेतून वाहणाऱ्या उष्णतेचा नाही, उन्हाचा आहे. आणि ऊन आत आल्यावर पडदा लावणं म्हणजे चोर घरात शिरल्यावर दार लावणं. पडदा तापतो, ती उष्णता खोलीतच राहते. सावली काचेच्या बाहेर हवी. गडद काच थोडं ऊन अडवते, पण स्वतः तापते आणि खोलीला तापवते. शिवाय दिवसा दिवे लावायला भाग पाडते.

निष्पक्षपणे हेही सांगायला पाहिजे की भिंतीला बाहेरून एक इंच चांगलं उष्णतारोधक लावलं तर यू-मूल्य २ वरून ०.८ च्या जवळ येतं, आणि पहिल्या पदातले पाचेक वॉट वाचतात. तेव्हा भिंतीचं इन्सुलेशन हे खूळ नाही. प्रश्न कुठून लावायचं, कशानं लावायचं आणि कशाच्या आधी-नंतर, हा आहे.

गुण सांगितले. आता दोष.

पहिला दोष व्याप्तीचा. संहितेचा हा भाग नव्या बांधकामांसाठी आहे आणि तोही पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या. म्हणजे टॉवर आले, वसाहती आल्या. शहापूर, किन्हवली, मुरबाड, टोकावडे इथं जी घरं आहेत ती आली नाहीत. आणि आपल्याकडे घर कसं घडतं? एकदा बांधून संपत नाही. मुलगा नोकरीला लागला की एक खोली, लग्न ठरलं की फरशी, कर्ज मिळालं की खिडक्या. आपलं घर म्हणजे चाळीस वर्षं चाललेली दुरुस्ती. या दुरुस्तीसाठी ग्रंथाजवळ शब्द नाही. म्हणून तिचं शास्त्र दुकानदार सांगतो.

दुसरा दोष सूक्ष्म आहे, आणि आमच्या धंद्यातला आहे. संहिता मोजते ती उघडता येण्याजोगी खिडकी. उष्ण-दमट प्रदेशात अशा उघड्या जागेचं प्रमाण घराच्या चटईक्षेत्राच्या १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश, असावं म्हणते. नियम उत्तम. प्रकारांचा हिशेबही ती देते : बाहेर उघडणाऱ्या झडपांची खिडकी ९० टक्के धरायची, दोन पल्ल्यांची सरकती ५० टक्के. सरकत्या खिडकीत एक पल्ला नेहमी दुसऱ्याच्या मागे असतो, दुसरं काय होणार? दहा बाय बाराची खोली घ्या. १२० चौरस फूट, तिचा षष्ठांश २० फूट. आमची जुनी चार बाय चारची खिडकी १४.४ फूट उघडायची. नवी सरकती, तेवढीच, ८ फूट. भिंतीतलं भोक तेच, वारा जवळजवळ निम्मा. आक्काचं वाक्य आणि संहितेचं कोष्टक एकच गोष्ट सांगतात. फक्त आक्काला कोष्टक लागलं नाही.

पण उघडता येण्याजोगी आणि उघडलेली या दोन वेगळ्या खिडक्या आहेत. अॅरिस्टॉटलनं शक्यता आणि प्रत्यक्षता यांत जो भेद केला तो इथं कामाला येतो. खिडकी रात्री उघडेल का, हे बिजागरीवर ठरत नाही. डास आहेत, धरणाकडेचं घर म्हणजे साप आहेत, चोरीची भीती आहे, घरात एकटी बाई असेल तर बाहेरून कोण बघेल ही धास्ती आहे. खिडकी उघडी राहायची तर जाळी हवी, भक्कम गज हवेत, आणि आडोसा हवा. जुन्या झिलमिलीनं चारांपैकी तीन कामं एकटीनं केली होती : ऊन अडवलं, नजर अडवली, वारा सोडला. जाळी तेवढी वेगळी लावावी लागली. संहिता सावली मोजते, वारा मोजते. पण लाज आणि भीती मोजत नाही. मोजता येत नाहीत हे मान्य. पण ज्या गोष्टी मोजता येत नाहीत त्यांच्यामुळे मोजलेलं निष्फळ होतं, हे प्रस्तावनेत एका वाक्यात तरी यायला हवं होतं.

तिसरा दोष पाण्याचा. आरईटीव्ही उष्णतेचा हिशेब आहे, ओलीचा नाही. आणि आमच्याकडे वर्षातले चार महिने भिंतीचा प्रश्न ओलीचा असतो. इथं आम्ही पश्चिमेकडून काय उचललं ते बघणं गरजेचं आहे.

जर्मनीत डार्मस्टाट नावाचं शहर आहे. १९५१ साली तिथं हायडेगरनं बांधणं आणि राहणं यांवर एक व्याख्यान दिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की आपण बांधतो म्हणून राहत नाही. राहतो म्हणून बांधतो. त्यानं उदाहरण दिलं ब्लॅक फॉरेस्टमधल्या शेतकऱ्याच्या जुन्या घराचं : वाऱ्याला पाठ देऊन उतारावर बसलेलं, बर्फाचा भार पेलणाऱ्या उतरत्या छपराचं. पुढे चाळीस वर्षांनी त्याच डार्मस्टाटमध्ये पहिलं ‘पासिव्ह हाउस’ उभं राहिलं : जाड इन्सुलेशन, तिहेरी काच, फटी बंद, हवा यंत्रानं खेळवायची. थंडीच्या देशात त्यानं इंधन फार वाचवलं, त्याला नमस्कार. त्या घरांचाही एक प्रसिद्ध आकडा १५ च आहे. पण तो वर्षाला चौरस मीटरमागे १५ किलोवॉट-तास एवढी घर तापवण्याची गरज सांगतो. आपला १५ बाहेरून येणारी उष्णता सांगतो. आकडा एक, प्रश्न उलटे. एक घर ऊब कोंडायला बघतं, दुसरं तीच बाहेर ठेवायला.

ओलीचंही तसंच उलटं. थंड देशात घरातली वाफ बाहेर जायला बघते. म्हणून तिथं वाफ अडवणारा पापुद्रा आतल्या बाजूला लावतात. आपल्याकडे पावसाळ्यात बाहेर ओल, आणि आत एसी लावला तर भिंतीची आतली बाजू थंड. ओल बाहेरून आत यायला बघते. तिला आतून प्लास्टिकचा कागद आडवा आला की ती तिथंच अडकते, थंड जागी पाणी होते, आणि बुरशी धरते. आमच्या प्लायवूडमागे नेमकं हेच झालं. आम्ही उलट्या हवामानाचं औषध उलट्या बाजूला लावलं. तेव्हा ‘इन्सुलेशन लावलं’ हे वाक्य अपुरं आहे. कुठल्या बाजूला, आणि भिंत वाळणार कुठून, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थच नाही.

इथं आमच्या धरणाकडून शिकण्यासारखं आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांच्या साठ्यात जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा. उन्हाळ्यात आपल्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर जातात, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय. पण एवढं पाणी अडवणारा अभियंता काय गृहीत धरतो? पाणी पूर्ण अडेल, असं नाही. दगडी धरणाच्या पोटात झिरपणारं पाणी गोळा करून बाहेर काढायची वाट ठेवलेली असते. चांगली भिंत ही अडवणारी असते आणि वाट देणारीही असते. वडिलांना हे ठाऊक होतं. आम्हांला नव्हतं.

आमच्या वेदान्तात घटाकाश आणि मठाकाश असे शब्द आहेत. घड्यातलं आकाश, मठातलं आकाश. आकाश एकच, घडा, भिंत या उपाधी. भिंतीमुळे आतलं आकाश वेगळं भासतं, होत नाही. तत्त्व म्हणून पटो न पटो, घर बांधणाऱ्यानं हे उशाशी ठेवावं. लाइब्निट्झनं १७१४ च्या सुमारास उलट टोक गाठलं : त्याचे चिदणू खिडकीविना आहेत, बाहेरचं काही आत येत नाही. आमची दुरुस्त खोली तशी झाली होती. वीज होती तोवर तो चिदणू एसीवर थंड राहिला. वीज गेली, आणि त्याला खिडकी नाही हे उघड झालं. आपली भाषा शहाणी आहे. तिच्याजवळ खिडकीला दोन जुने शब्द आहेत : गवाक्ष आणि वातायन. एकात डोळा आहे, एकात वारा. आम्ही गवाक्ष विकत आणलं आणि वातायन भंगारात दिलं.

आता कोणी म्हणेल, सर, तुम्ही जुन्याचे भक्त झालात. नाही. आमच्या भागातल्या ठाकूर, कातकरी, वारली वस्त्यांतली कारवीच्या कुडाची घरं आठवा. कारवीचे दांडे, वर शेणमातीचं लिंपण, वर पेंढा किंवा कौलं. कुड श्वास घेतो, लवकर निवतो, भूकंपात अंगावर पडला तरी मरण नाही. खरं आहे. पण दर वर्षी लिंपायचं कोणी? बायकांनी. पावसाळ्याआधी झडीच्या बाजूला गवताचा आडोसा बांधायचा कोणी? आत अंधार, चुलीचा धूर, कुडात विंचू. ज्यांना पक्कं घर मिळालं त्यांना त्याचा आनंद झाला, आणि तो रास्त आहे. शहरातून येऊन दोन रात्री राहणाऱ्यानं कुडाचं काव्य त्यांना ऐकवू नये. कुडाकडून घ्यायचं ते साहित्य नव्हे, क्रम : आधी सावली, मग वारा, मग भिंत.

आणि एक इशारा, जो संहितेच्या आकड्यांत मावत नाही. लंडनचा ग्रेनफेल टॉवर १९७४ मध्ये पूर्ण झालेला, चोवीस मजली. त्याचं नूतनीकरण २०१६ साली संपलं : नव्या खिडक्या, बाहेरून उष्णतारोधक, त्यावर चकचकीत पत्रे. म्हणजे आजचाच आपला विषय. १४ जून २०१७ च्या रात्री चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात फ्रिजपाशी आग लागली, खिडकीपाशी ती बाहेरच्या आवरणात शिरली आणि बघता बघता इमारत पेटली. ७२ माणसं गेली. त्या पत्र्यांच्या पोटात ज्वलनशील प्लास्टिक होतं. तेव्हा भिंतीला काहीही लावताना पहिला प्रश्न ‘किती थंड ठेवतं’ हा नको. ‘पेटतं का’ हा हवा. उघडा थर्माकोल पेटतो. आमच्या आक्काच्या उशामागे तो दोन वर्षं होता, वर लाकूड, शेजारी विजेचं बटण.

मग आम्ही आता काय केलं? दुसरी दुरुस्ती सांगतो, क्रमानं.

सगळ्यात आधी छत. आरईटीव्हीत छत धरलेलंच नाही, त्याचा नियम वेगळा : यू-मूल्य १.२ च्या वर नको. उघड्या स्लॅबचं ते ३ च्या वर असतं. बैठ्या घरात मे महिन्यात सगळ्यात जास्त ऊन छतावर पडतं. स्लॅब दिवसभर ते पितो आणि रात्री, माणूस झोपला की, खाली सोडतो. म्हातारं शरीर दिवसाचा ताप सोसतं, पण रात्री उसंत मिळाली नाही की खचतं. तेव्हा ज्याच्याजवळ एकाच कामाचे पैसे आहेत त्यानं खिडकी-भिंत विसरावी आणि छताला हात घालावा. पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, किंवा आपल्याकडे गच्चीवर घालतात ती पत्र्याची शेड. फक्त तिच्या बाजू मोकळ्या ठेवा, म्हणजे पत्र्याखालची गरम हवा वाहून जाईल.

दुसरं, छज्जे परत. तोडलेले काँक्रीटचे पुन्हा जोडणं खर्चाचं, म्हणून लोखंडी चौकटीवर हलके पत्रे आणि पश्चिमेला बाहेरून बांबूचे चिक. मावळतीचं ऊन आडवं येतं, नुसता छज्जा त्याला पुरत नाही. पुढे उभा आडोसा लागतोच. शेवग्याचं झाड लावलं आहे, पण झाडाला वेळ लागतो आणि आक्काला तो किती आहे आम्हांला ठाऊक नाही.

तिसरं, त्याच भोकात बाहेर उघडणाऱ्या झडपा, आतून जाळी. भोक मोठं करायचा मोह झाला होता. मिस्त्री म्हणाला, “सर, वरचा पट्टा तोडायला लागेल.” तोच तो १९८४ चा पट्टा. धक्क्यात भिंती एकत्र बांधून ठेवायचं काम त्याचं. आम्ही नको म्हणालो. जुनं घर फोडताना, विशेषतः कोपऱ्याजवळ, अभियंत्याला विचारल्याशिवाय भिंतीला भोक पाडू नका. वारा वाढवायचा तर समोरच्या भिंतीतली बंद झालेली खिडकी उघडा. वाऱ्याला येण्याइतकीच जाण्याची जागा लागते.

चौथं, पश्चिमेची भिंत. आतलं सगळं काढलं, भिंत एक उन्हाळाभर वाळू दिली, तडे बुजवले, चुन्याचा पांढरा हात दिला. बाहेरून इन्सुलेशन लावायचं का, ते सावलीचा परिणाम एक उन्हाळा बघून ठरवू. दुहेरी काच आमच्या यादीत नाही. तुमचं घर महामार्गाला लागून असेल, खोली रोज एसीवर असेल, तर तिचा उपयोग आहे. आवाजही कमी होतो. पण तिचं नाव यादीत शेवटी.

समारोप करतो. ग्रंथाची चिकित्सा म्हणजे त्यानं काय सांगितलं, काय सांगायचं राहिलं आणि आपण ते कसं वाचलं, या तिन्हींचा हिशेब. संहितेनं सावलीचं माप दिलं, हे तिचं ऋण. लहान घर, दुरुस्ती, ओल आणि माणसाची भीती यांना तिनं बाहेर ठेवलं, ही तिची उणीव. आणि आम्ही ती वाचायच्या आधीच छज्जे तोडले, हा दोष तिचा नाही.

आक्का आता त्याच खोलीत झोपते. या मे महिन्यात वीज पुन्हा गेली, एक अख्खी रात्र. आम्ही दोनदा उठून बघून आलो. खिडकी उघडी होती, चिक वाऱ्यानं हलत होता, आणि तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ती जागी होती. म्हणाली, “झोप आता, मी मेले नाही.”

आता तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांनी घराचं काम काढलं आहे त्यांनी आधी विचारावं, काम सुरू व्हायच्या आत.